मेस्त्री ऐकेना, क्लायंट थांबेना: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही इंटिरियरच्या कामाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. वाटलं होतं हॉलला रंग कुठला, ओट्याला ग्रॅनाईट की क्वार्ट्झ असलं काहीतरी येईल, पण आलेली पत्रं बहुतेक डिझायनर मंडळींची, आणि बेळगाव असो निपाणी असो खानापूर असो, सगळ्यांचं दुखणं एकच, काँट्रॅक्टर. एका काँट्रॅक्टरनेही लिहिलंय, ते पत्र मुद्दाम शेवटी ठेवलंय. नावं छापत नाही, आपली गावं लहान, दोन ओळींत ओळख पटते.

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांची आहे, एका फर्ममध्ये काम करून आता स्वतःचं सुरू केलंय. टिळकवाडीत एका फ्लॅटचं काम चालू आहे. सुतारकामाचा काँट्रॅक्टर क्लायंटनेच आणलाय, त्यांच्या जुन्या ओळखीतला, वयाने माझ्या बाबांएवढा. ड्रॉइंग दिलं की घडी घालून खिशात टाकतो आणि स्वतःला पाहिजे तसं करतो. विचारलं की म्हणतो, "बाळ, हे कागदावर होतंय, साईटवर होत नाही." मी नसताना क्लायंटला सांगतो की मॅडमना अनुभव कमी आहे. परवा तर बेडरूमच्या वॉर्डरोबचं लॉफ्ट, म्हणजे वरचा कप्पा, न विचारता एक फूट खाली घेतलं. मला तू म्हटलं तरी चालेल पण काय करू ते सांगा. (अनगोळ, बेळगाव)

उत्तर: तूच म्हणते मग. पहिलं म्हणजे तो बाळ म्हणतो म्हणून डोक्यात राख घालून घेऊ नकोस. आपल्याकडचे जुने मेस्त्री कुणालाही बाळ म्हणतात, तूही काका म्हण आणि कामाचं मात्र रोखठोक विचार. तुझी खरी अडचण वयाची नाहीच. माणूस क्लायंटचा, पैसे क्लायंट देणार, आणि तेही तुला न विचारता, मग त्याने तुझं का ऐकावं? मी त्याच्या जागी असते तर मीही ऐकलं नसतं. त्यामुळे पहिली बैठक मेस्त्रीबरोबर नको, क्लायंटबरोबर कर. तक्रारीच्या सुरात नको, त्यांना एवढंच सांग की पुढचा प्रत्येक हप्ता मी साईट बघून "हो" म्हटल्यावर द्या, याने पैसे तुमचेच सुरक्षित राहतील. आणि हे मेस्त्रीला क्लायंटनेच, तुझ्यासमोर, तोंडाने सांगायला पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते एकदा झालं की खिशातलं ड्रॉइंग आपोआप बाहेर येतं.

आता ड्रॉइंगचं. तुझं ड्रॉइंग एमएममध्ये असणार, ऑटोकॅडमधून जसं निघालं तसं. आपल्याकडचे सुतार, राजस्थानातून आलेले असोत की वडगावातले, बोलतात इंचात आणि सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे साधारण तीन एमएम. तू ५६५ लिहिलंस की तो मनातल्या मनात भागाकार करत बसणार, त्याच्या शेजारीच "२२ इंच २ सूत" लिहिलंस तर टेप लावून मोकळा होईल. सुतारासाठी वेगळी शीट काढ, मोठ्या अक्षरात, फक्त त्याच्या कामाची मापं, लायटिंग आणि फर्निचरच्या फॅब्रिकचा पसारा त्यात नको.

आणि ए-थ्री कागद खिशात जातो, भिंत खिशात जात नाही. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी साईटवर जाऊन फुल साईजमध्ये भिंतीवरच मार्किंग कर, लॉफ्टची खालची रेघ, शटर कुठे संपतं, स्विचबोर्ड कुठे येतो, ड्रॉवर उघडला की बेडला लागतो का. टेपचं एक टोक त्याच्या हातात दे. तिथेच तो दहा अडचणी सांगेल, त्यातल्या सहा-सात खऱ्या असतील, त्या तिथल्या तिथे मिटव, फोटो काढ आणि तुमच्या तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाक, "आज हे ठरलं" एवढंच लिहून. ग्रुप तिघांचाच ठेव, क्लायंटचा साडू आणि मेव्हणा त्यात घेतलास तर मेलीस.

लॉफ्टबद्दल त्याला विचारलंस का की खाली का घेतलं? माझा अंदाज सांगते, बरोबर निघेल बघ. तू खालचं शटर सात फुटाचं दाखवलं असशील. प्लायची शीट आठ फुटाची, सात फुटाचं शटर कापलं की एक फुटाची पट्टी वाया, वर लॉफ्टसाठी पुन्हा दुसरी शीट फोडायची. त्याने खालचं सहा फुटाचं केलं आणि वरचं दोन फुटाचं, दोन्ही एकाच शीटमधून निघाली, वेस्टेज नाही आणि लॅमिनेटची उभी रेघही खालपासून वरपर्यंत सलग. म्हणजे डोकं चालवलंय त्याने, फक्त विचारलं नाही. आता सहा फुटांत हँगरचे कपडे आणि खाली दोन ड्रॉवर बसतात का हे बघायचं काम तुझं, बसत असतील तर राहू दे, आणि ते क्लायंटसमोर मान्यही कर की काकांनी प्लाय वाचवला. बसत नसतील तर बदलायला लाव, आणि तो खर्च विचारल्याशिवाय केलं म्हणून त्याचा.

"साईटवर होत नाही" याला माझं ठरलेलं उत्तर आहे, "कुठं अडतंय ते दाखवा." एकतर तो खरंच बीम, पाईप किंवा वाकडी भिंत दाखवतो, नाहीतर गप्प होतो, आणि गप्प झाला की समजायचं अडचण रेटची आहे. ४५ डिग्रीत कड जुळवायला वेळ जातो, त्याने स्क्वेअर फुटाचा जो रेट दिलाय त्यात ते बसत नाही, पण तसं म्हणायला त्याला जड जातं म्हणून "होत नाही". तेव्हा सरळ विचार, किती वाढवायचे. मागे फरशीवाल्याशी असंच झालं होतं, आठवडाभर "आगल्ल री मेडम" (होत नाही हो मॅडम) चाललं होतं, रनिंग फुटाला थोडे वाढवून दिले तर दुपारपर्यंत आलं की सगळं.

कुठं हटायचं आणि कुठं नाही तेही मनाशी ठरवून जा. दोन सूत इकडं तिकडं झालं तर सोडून दे. पण गीझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएमची वायर सांगितलीय तर चारच पाहिजे, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी साठवून निदान दोन दिवस ठेवल्याशिवाय टाईल लावायची नाही, आणि जिप्समच्या सिलिंगला सेक्शन, म्हणजे बोर्ड धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, दीड-दीड फुटावर पाहिजेत, मेस्त्री लोक दोन फुटावर मारतात आणि बोर्ड लावला की कुणाला दिसतंय. या तिन्ही गोष्टी झाकल्या जायच्या आधी फोटो. यात काका असो की मामा, हो म्हणायचं नाही.

प्रश्न: पेंटरने भिंतीचं माप दारं-खिडक्या वजा न करता लावलंय. क्लायंट म्हणतो सगळी वजा करा. मी मध्ये अडकलोय. कोण बरोबर? (चिकोडी)

उत्तर: दोघेही नाहीत. मोजमापाचं आपल्याकडं भारतीय मानक आहे, आयएस १२००, सरकारी कामं त्यावर मोजतात आणि वाद झाला तर तेच दाखवायला बरं पडतं. त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं, म्हणजे साधारण ५.४ स्क्वेअर फुटापर्यंतचं भोक वजाच करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरमधलं असेल आणि दोन्ही बाजूंना तोच रंग असेल तर एकाच बाजूचं वजा करायचं, आणि चौकटीच्या आतल्या कडा वेगळ्या धरायच्या नाहीत. तीनच्या वर गेलं की दोन्ही बाजूंचं वजा, पण मग आतल्या कडा मोजून जोडायच्या. तीन चौरस मीटर म्हणजे जवळपास एक ८ बाय ४ ची प्लायशीट, तेवढं डोळ्यासमोर ठेवा. सात बाय तीनचं दार २१ स्क्वेअर फूट, म्हणजे मधल्या गटात, एका बाजूचं वजा. हॉलचा सहा बाय सातचा स्लायडिंग दरवाजा ४२, तो पूर्ण वजा.

पण हे कधी, तर तुमच्यात आधी काही ठरलं नसेल तेव्हा. पेंटरने सुरुवातीलाच "सॉलिड माप", म्हणजे काहीच वजा नाही, म्हणून सांगितलं असेल आणि तुम्ही मान डोलावली असेल तर आता मानक काढून उपयोग नाही, त्याने रेट त्या हिशोबानेच कमी दिला असणार.

प्रश्न: निपाणीत एका बंगल्याचं इंटिरियर, १८ लाखांचं काम. काँट्रॅक्टर कोल्हापूरचा, मीच सुचवलेला. क्लायंटने माझ्या शब्दावर त्याला टप्प्याटप्प्याने १० लाख दिले. काम निम्मंही झालेलं नाही आणि महिना झाला माणूस फिरकला नाही. फोन केला की "वाटेतच हाय की". क्लायंट म्हणतो तू आणलास तू भर. लेखी काही नाही, कोटेशन तेवढं आहे. घाईघाईने दुसरा काँट्रॅक्टर बघतोय. (निपाणी)

उत्तर: दुसरा बघा पण आत घेऊ नका. त्याने पहिला खिळा मारला की जुन्याने किती केलं होतं ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. आधी पंचनामा करा. तुम्ही, क्लायंट, आणि जमलं तर तिसरा जाणता माणूस, एखादा इंजिनिअर. खोलीवार झालेलं काम मोजा, साईटवर पडलेला माल मोजा, प्लायच्या किती शीट, लॅमिनेट किती, हार्डवेअरचे किती बॉक्स, सगळ्याचे तारखेचे फोटो, आणि कोटेशनच्या रेटने किंमत लावा. समजा साडेसहा लाखांचं निघालं, तर भांडण साडेतीन लाखांचं आहे, १० लाखांचं नाही, आणि हा आकडा समोर आला की क्लायंटचाही आवाज खाली येतो. काँट्रॅक्टरला या मोजणीला बोलावणं पाठवा, तारीख वेळ लिहून, व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानेही. आला तर उत्तम, नाही आला तर बोलावलं होतं याचा पुरावा राहिला.

तो का येत नाही याचाही विचार करा. हे लोक दरवेळी लबाडच असतात असं नाही, बहुतेकांचं चालतं ते ह्याची टोपी त्याला. तुमच्या ॲडव्हान्समधून मागच्या साईटचं प्लायवाल्याचं बिल भागवलं, आता तुमचं काम करायला पुढच्या साईटचा ॲडव्हान्स पाहिजे, तो मिळाला नाही की गाडी थांबली. असं असेल तर त्याच्याकडून पैसे परत मिळायची आशा कमी, कारण ते त्याच्याकडं नाहीतच. अशा वेळी काम त्याच्याकडूनच पूर्ण करून घेणं कधीकधी स्वस्त पडतं, पण पद्धत बदलून. माल क्लायंटने थेट दुकानातून घ्यायचा, बिल क्लायंटच्या नावावर. कामगारांचा पगार शनिवारी शनिवारी, हजेरी बघून. काँट्रॅक्टरचा नफा सगळ्यात शेवटी. त्याच्या हातात रोख रक्कम द्यायचीच नाही. बरेच जण याला तयार होतात, कारण त्यांनाही बाजारात तोंड दाखवायचं असतं.

मालाची बिलं दाखवतो म्हणाला तर नीट बघा. कोल्हापूरच्या दुकानाचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, आपल्या कर्नाटकातला २९ ने, आणि ५० हजारांच्या वरचा माल राज्याची हद्द ओलांडून आला असेल तर ई-वे बिल पाहिजे, त्यावर माल कुठे उतरणार तो पत्ताही असतो. निपाणीच्या साईटचा माल म्हणून कागलचं बिल दाखवत असेल तर तिथेच कळेल. आणि क्लायंटला हळूच विचारा, १८ टक्के जीएसटी वाचवायला पक्कं बिल नको म्हणाले होते का? तसं असेल तर त्यांचा आवाज आणखी खाली येईल, पण तुम्ही तो विषय फार ताणू नका, शेवटी तो तुमचा क्लायंट आहे.

कायद्याचं म्हणाल तर लेखी करार नाही म्हणून सगळं संपलं असं नाही. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारही करारच, फक्त सिद्ध करावा लागतो, आणि त्याला तुमचं कोटेशन, बँकेतून गेलेले पैसे, व्हॉट्सॲपवरचं बोलणं हे सगळं कामाला येतं. पैशाच्या दाव्याला मुदत साधारण तीन वर्षांची, तेव्हा "बघू पुढच्या वर्षी" नको. क्लायंटला ग्राहक आयोगातही जाता येतं, ५० लाखांपर्यंत दिलेल्या रकमेची प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात. मात्र तिथे ते तुमचंही नाव घालू शकतात, म्हणून वकिलाकडं जाताना क्लायंट आणि तुम्ही एकत्र जावा, वेगवेगळे नको. पोलिसात बहुधा "सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवतील.

आता एक कडू विचारते. त्या काँट्रॅक्टरकडून तुम्ही टक्केवारी घेतली होती का? नसेल तर "तू भर" ला उत्तर आहे तुमच्याकडं, की मी सुचवला, पैसे तुम्ही ठरवून दिलेत, मी काम पूर्ण होईपर्यंत जादा फी न घेता उभा राहतो. घेतली असेल तर ती आधी परत करा आणि मग बोला, कारण ही गोष्ट कोर्टात नाही निघाली तरी निपाणीत निघेलच.

पुढच्या कामाला माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. सुरुवातीला १० ते १५ टक्के, नंतर माल साईटवर उतरल्यावर, मग सांगाडे उभे राहिल्यावर, मग लॅमिनेट झाल्यावर. कुठल्याही दिवशी दिलेले पैसे साईटवर दिसणाऱ्या कामापेक्षा फार पुढे जाता कामा नयेत. आणि शेवटचे पाच ते दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत क्लायंटकडंच. काँट्रॅक्टर कुरकुरतात याला, पण जो अजिबातच तयार होत नाही त्याच्याबद्दल मी दोनदा विचार करते.

प्रश्न: किचनला मरीन प्लाय ठरलं होतं. जुलै संपता संपता सिंकखालचं युनिट फुगलं, खालची कड उलली. काँट्रॅक्टर म्हणतो मरीनच आहे, खानापूरचा पाऊसच तसला. खरं खोटं कसं करायचं? (खानापूर)

उत्तर: खानापूरचा पाऊस तसला आहे हे खरं, पण मरीन प्लायला एका पावसाळ्यात कड उलायचं कारण नाही. मरीन म्हणजे आयएस ७१०, त्याच्या टेस्टमध्ये तुकडा ७२ तास उकळतात आणि थर सुटायला नाही पाहिजेत. साधं कमर्शियल एमआर प्लाय, म्हणजे दमटपणापुरतं टिकणारं, आयएस ३०३ मध्ये येतं, ते पाण्यासाठी नाहीच, आणि बाजारात दोन्ही लाल दिसतात. रंग बघून मरीन म्हणू नका.

आधी सिंकखाली गुडघ्यावर बसून बघा की पाणी कुठून येतंय. वेस्ट कपलिंग, म्हणजे सिंकच्या तळाचा पाणी जायचा जोड, गळत असेल, खालची कड पट्टी न लावता तशीच जमिनीला टेकवली असेल, मागच्या भिंतीला ओल असेल, किंवा फुगलेला भाग प्लायचा नसून मागचा एमडीएफचा (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डाचा) पातळ बॅक असेल, तर दोष प्लायचा नाही, लावायच्या पद्धतीचा आहे. तरी काँट्रॅक्टरचाच, पण आरोप बरोबर करायला पाहिजे, नाहीतर तो त्याच एका चुकीच्या शब्दावर सुटतो.

प्लायचीच शंका असेल तर आतून, न दिसणाऱ्या जागेचा चार बोटांचा तुकडा काढा, त्याच्यासमोरच दोन करा, एक त्याला द्या, एक तुम्ही पातेल्यात उकळा. लॅबची टेस्ट नाही ही, पण कमर्शियल प्लाय चार-सहा तासांतच पानं सुटल्यासारखं उघडतं, मग बोलायची गरजच पडत नाही. शीटवर आयएसआयचा शिक्का असेल तर खाली लायसन्स नंबर असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घालून बघता येतो. शिक्काच नसेल तर उत्तर मिळालं.

यापुढे माल उतरतो त्या दिवशी तुम्ही साईटवर पाहिजे, दुसऱ्या कुठल्या दिवशी नाही गेलात तरी चालेल. प्रत्येक शीटच्या शिक्क्याचा फोटो, आणि मागच्या बाजूला मार्करने सही. सही केलेली शीट रातोरात बदलत नाही. आणि जमिनीपासून चार इंच पीव्हीसीचे पाय, भिंतीकडच्या बाजूला प्रायमर, सगळ्या उघड्या कडांना सीलर, हे खानापूर आणि वरच्या पावसाच्या पट्ट्यात कोटेशनमध्येच लिहा, नाहीतर "ते एक्स्ट्रा होतंय" ऐकावं लागतं.

प्रश्न: क्लायंटला वास्तुशांत गणपतीच्या आत पाहिजे. मेच्या शेवटी काम सुरू केलं, काँट्रॅक्टर तेव्हा हो म्हणाला आणि आता माणसंच नाहीत. करारात दिवसाला दंड घालू का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर: दंड लिहा हवं तर, पण कोर्ट त्यातलं वाजवी तेवढंच मान्य करतं, आणि दंडाच्या भीतीने माणसं येत नाहीत, कारण ती काँट्रॅक्टरच्याही हातात नसतात. जुलैत निम्मे हेल्पर गावाकडं भात लावणीला जातात. कुणाच्या गावात लक्ष्मीची यात्रा असली की तो पाहुणचार उरकल्याशिवाय परत येत नाही. अमावस्येला बरेच जण काम धरत नाहीत. आणि गणपतीच्या आधीचा महिना तर बेळगावात सुतार आणि पेंटर मिळणं मुश्किल, अर्धे मंडळांच्या देखाव्याला, अर्धे तुमच्यासारख्याच वास्तुशांतीवाल्यांकडं. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या वेळीही थोडंफार तेच.

म्हणून तारीख क्लायंटला विचारून ठरवू नका, कालनिर्णय घेऊन काँट्रॅक्टरच्या शेजारी बसा आणि त्याच्या माणसांच्या सुट्ट्या आधी खोडा, मग उरलेले दिवस मोजा. आता यावेळी एवढंच करा की देवघर, किचन आणि हॉल धरा, दोन बेडरूम दसऱ्यावर ढकला. क्लायंटला आजच सांगा, आदल्या आठवड्यात सांगितलंत तर खापर तुमच्या डोक्यावर.

प्रश्न: मॅडम, मी काँट्रॅक्टर आहे, सुतारकामात आयुष्य गेलं. डिझायनर लोकांच्या तक्रारी तुम्ही छापणार, आमचं पण छापा. थ्रीडी दाखवून क्लायंटला खूष करायचं आणि साईटचं माप घ्यायला यायचं नाही. ड्रॉइंग तीनदा बदलतात आणि जुन्यावर केलेलं काम फुकट तोडायला लावतात. वर टक्का मागतात. शेवटचं बिल एका ओरखड्यासाठी सहा महिने अडकवतात. आता एका साईटवर पीओपी सिलिंग दोनदा उतरवून परत केलं, ४० हजार एक्स्ट्रा झालेत, डिझायनर म्हणतो मी सांगितलंच नव्हतं. हे सोडून देऊ का? (हिंडलगा)

उत्तर: दादा, छापलं बघा, आणि यातलं एकही खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. थ्रीडीत खोली बारा फुटाची आणि प्लास्टर झाल्यावर अकरा फूट दहा इंच, हे आमच्यातल्या कित्येकांना हँडओव्हरच्या दिवशी कळतं. टक्क्याचं तर विचारूच नका. डिझायनर क्लायंटकडून फी घेतो, वर तुमच्याकडून टक्का घेतो आणि मग प्लाय हलकं निघालं म्हणून तुम्हालाच बोलतो, अहो तो टक्का तुम्ही प्लायमधूनच काढणार ना. मागितला तर सरळ म्हणा, देतो पण कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहून देतो, क्लायंटला दिसेल असं. विषय तिथेच संपतो.

पण तुमच्या बाजूनेही एक ढिलाई आहे आणि ती सगळ्यांचीच आहे. "तुम्ही करून सोडा हो, हिशोब नंतर बघू" म्हटलं की तुम्ही करून सोडता. बदल सांगितला की हातोडा उचलायच्या आधी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, मराठीत टाका, कानडीत टाका, आवाजाचा मेसेज टाका, "हॉलचं सिलिंग उतरवून परत करायला सांगितलंत, इतके होतील, हो म्हणा मग सुरू करतो." हो आलं नाही तर दुसऱ्या खोलीत काम करा. ड्रॉइंग तारीख आणि सही असलेलंच घ्या, आणि नवं आलं की जुनं फेकू नका, दोन्ही फाईलला लावा. शेवटच्या बिलाच्या वेळी दुरुस्तीची यादी एकदाच मागा, लेखी, तिघे मिळून घरभर फिरून. ती संपली की बिल, त्यानंतर दिसलेला ओरखडा पुढच्या खात्यात.

जाता जाता, तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरांची कर्नाटक बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी केलीय का? वर्षात ९० दिवस काम केलेला, १८ ते ६० वयाचा कुणीही करू शकतो, सुतार आणि पेंटरसुद्धा. शिडीवरून एखादा पडला की मग डिझायनर, काँट्रॅक्टर आणि क्लायंट तिघे एकमेकांकडं बघत बसतात.

४० हजार सोडू नका. सिलिंगवाल्याला दिलेले पैसे, दोन्ही वेळी आणलेल्या बोर्डांची आणि चॅनेलची बिलं, त्या दिवसांची हजेरी आणि डिझायनरचे त्या आठवड्यातले फोन आणि मेसेज, सगळं एका कागदावर तारखेप्रमाणे मांडा. आधी डिझायनरला एकट्याला दाखवा, चहा प्यायला बसून, क्लायंटसमोर नको, त्याला माघार घ्यायला जागा ठेवा. बऱ्याचदा तिथेच तोड निघते, पूर्ण नाही तर तीस तरी. त्याने हात वरच केले तर मग तोच कागद घेऊन क्लायंटकडं जा. सिलिंग त्यांच्याच हॉलमधलं आहे, दोनदा उतरलेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलंय.